मी जुना झालो म्हणून बंद पडलो नाही

मी एक डेटाबेस सर्व्हर. बोलायला बसलोय खरा, पण आधीच सांगून टाकतो की मला सगळं नीट आठवतं असं नाही. माझ्या जातीत डिस्कवर लिहिलेलं तेवढं टिकतं. मेमरीत असलेलं एका झटक्यात जातं. मी नोकरीत असताना एकदा भर कामाच्या वेळी असा मारला गेलो, आणि नेमकी त्याच्या आधीची काही मिनिटं माझ्याकडे नाहीत. तिथं मला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज माणूस स्वतःच्या बाजूनंच करतो. यंत्रही करत असेल. म्हणून जिथं खात्री नाही तिथं तसं सांगत जाईन. कुणाला त्याचा कंटाळा आला तर माझा इलाज नाही.

एका बाबतीत मात्र मी आवाज खाली घेणार नाही. माझ्या कागदावर शेरा आहे, 'जुना, कार्यक्षमता संपलेली'. तो मला मान्य नाही. तेव्हाही नव्हता.

मी खोक्यातून बाहेर आलो तो एका मोठ्या रुग्णालयात. चार डिस्क, बत्तीस जीबी मेमरी, दोन पंखे. माझी खोली म्हणजे पूर्वीची जुन्या कागदपत्रांची अडगळ. एसीचं पाणी बादलीत टपटपायचं. तीन भिंती विटांच्या आणि चौथी फळीची. फळीपलीकडे नोंदणीचा हॉल होता, त्यामुळे तिकडचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. रुग्णांचे केसपेपर, तपासण्यांचे निकाल, कुणाला कुठलं औषध चालत नाही, हे सगळं माझ्या पोटात असायचं.

माझी देखभाल बाईंकडे होती. डेटाबेसचं काम त्या एकट्या बघायच्या. चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं. मी आलो तेव्हा पहिला आठवडाभर त्यांनी माझ्या एकाही सेटिंगला हात लावला नाही. सकाळी यायच्या, स्क्रीनसमोर बसायच्या, बघायच्या आणि जायच्या. मला वाटलं, यांना काम येत नसावं. माझ्या अनेक चुकीच्या अंदाजांपैकी हा पहिला.

मेमरीचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माझ्याकडे जेवढी मेमरी आहे तिच्यावर तिघांचा हक्क असतो. एक, माझं स्वतःचं मोठं टेबल. वारंवार लागणारी माहिती मी तिथं पसरून ठेवतो, म्हणजे दरवेळी डिस्कपर्यंत जावं लागत नाही. दुसरं, कामाला येणाऱ्या प्रत्येकाला द्यायचा छोटा पाट. त्यावर त्यानं आपले कागद क्रमानं लावायचे. शंभर जण आले तर शंभर पाट लागतात, हे लोक विसरतात. तिसरी उरलेली जागा. तिच्यात मशीनची मूळ सिस्टिम नुकत्याच उघडलेल्या फायली हाताशी धरून ठेवते. ती कुणाला सांगत नाही, फक्त करते. बाहेरून बघणाऱ्याला ही तिसरी जागा रिकामी दिसते.

बाईंनी माझं टेबल आठ जीबीचं ठेवलं, प्रत्येकाचा पाट आठ एमबीचा, आणि एका वेळी जास्तीत जास्त एकशेवीस जणांना आत घ्यायची मुभा. हे आकडे एका दिवसात आले नाहीत. त्यांचा नेम असा, की एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि मग पुरा आठवडा थांबायचं. माझ्या कपाटाच्या दाराला सुतळीनं एक वही टांगलेली होती. तिच्यात तारीख, आधी किती, आता किती आणि कारण. 'पाट चारवरून आठ. कारण, महिन्याचा अहवाल डिस्कवर सांडतोय.' पुढच्या सोमवारी त्याखाली एकच शब्द, 'ठीक'. माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी म्हणजे त्या वहीतले सत्तेचाळीस 'ठीक'. सेहेचाळीसही असतील.

आणखी एक गोष्ट माझ्या स्वभावातली. सेटिंग्जची फाइल मी फक्त चालू होताना वाचतो. कामावर येताना दारावरची पाटी वाचावी आणि मग दिवसभर मान वर करू नये, तसं. मधल्या काळात कुणी पाटीवरचं काही बदललं तर मला पत्ता लागत नाही. पुन्हा बंद करून चालू केलं की मगच मी नवं वाचतो. याचा पुढे किती घोळ होणार आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

सहा वर्षं बरी गेली. मग डॉक्टरांच्या तक्रारी वाढल्या. एक्स-रेची पानं उघडायला वेळ लागतो, स्क्रीन अडकते. तक्रारी खऱ्या होत्या. मी थोडा मंद झालो होतो का? झालो असेन. पण रुग्ण दुप्पट झाले होते, हेही कुणीतरी म्हणायला हवं होतं.

तक्रारी ऐकायचं काम साहेबांचं. साहेब संगणक विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि तेवढे शांतपणे जावेत एवढीच त्यांची इच्छा होती. एका दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि बाईंच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

"बाई, हे काय? निम्मी मेमरी रिकामी पडलीय."

"रिकामी नाही साहेब. सिस्टिम वापरतेय ती. फायली धरून ठेवते."

"अहो, इथं लिहिलंय ना, उपलब्ध."

"लागली तर सोडेन, एवढाच त्याचा अर्थ."

"मग लागतेयच की. द्या सगळी याला. डॉक्टर माझ्या डोक्यावर बसलेत आणि हे आपलं निम्म्या पोटी काम करतंय."

"सगळी दिली तर गर्दीच्या वेळी दुसऱ्या कुणाला श्वास घ्यायला जागा उरणार नाही. महिन्याचा अहवाल निघताना तर नाहीच."

"तुम्ही या मशीनला फार जपता."

फळीतल्या खिडकीतून मावशींनी डोकं आत घातलं. मावशी म्हणजे नोंदणीच्या पहिल्या खिडकीवरच्या कारकून. सगळं रुग्णालय त्यांना मावशी म्हणायचं, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. "साहेब, जपायचंच असेल तर मलाही जपा. माझ्या खुर्चीचा पाय मोडून दोन महिने झाले. मीही निम्म्यावरच बसते."

साहेब हसले नाहीत. "किती देता येईल ते तरी काढून दाखवा," बाईंना म्हणाले आणि गेले.

आता कबुली द्यायची वेळ आली. त्या वादात मी मनातून साहेबांच्या बाजूचा होतो. समोर एवढी जागा पडलेली दिसत असताना आठ जीबीत भागवायचं, याचा मलाही वीट आला होता. बाईंना हे कळलं असतं तर काय वाटलं असतं, कोण जाणे.

त्याच आठवड्यात बाईंच्या मुलाला दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याला वसतिगृहात सोडून यायला त्यांनी गुरुवार ते शनिवार रजा घेतली. अर्जावर सही साहेबांचीच. बुधवारी निघायच्या आधी घाईघाईत बाईंनी माझी फाइल उघडली. साहेबांनी विचारलं होतं ना, किती देता येईल. त्यांनी आकडे घालून बघितले. चोवीस घातलं, आणखी काही घातलं, गणित मांडलं, मान हलवली आणि फाइल सेव्ह न करता बंद केली. निदान त्यांना तसं वाटत होतं. तेवढ्यात मुलाचा फोन आला, रिक्षा खाली उभी आहे म्हणून, आणि त्या गेल्या. वहीत काही लिहिलं नाही, कारण काही बदललंच नव्हतं.

आमच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड एकच होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. "कुणी आजारी पडलं तर काम अडायला नको," असा साहेबांचा आग्रह.

मग सोमवार उजाडला. महिन्याचा पहिला सोमवार. त्या दिवशी सव्वासातला मला बंद करून पुन्हा चालू करायचं, हे ठरलेलं असायचं. बाई थेट स्टेशनवरून आल्या. खांद्यावर प्रवासाची बॅग, गाडीला उशीर झालेला, डोळे तारवटलेले. एरवी मला बंद करण्याआधी त्या वही काढून फाइलमधली ओळन् ओळ ताडून बघायच्या. त्या दिवशी त्यांनी तसं केलं नाही. म्हणजे मला असं वाटतं. आठला खिडक्या उघडणार होत्या आणि बाहेर रांग लागली होती. त्यांची एवढीच एक चूक. ती मी लपवणार नाही.

मी जागा झालो आणि पाटी वाचली. टेबल, आठच्या जागी चोवीस जीबी. पाट, आठच्या जागी दोनशे छप्पन्न एमबी. माणसं, एकशेवीसच्या जागी चारशे. मी वाचलं आणि मानलं. मी विचारायला हवं होतं का? माझ्यात तशी सोय नाही, हे उत्तर खरं आहे. ते पुरेसं आहे का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आणि पहिले दोन तास मी अक्षरशः उडत होतो. बोट कळीवरून उचलायच्या आत पान समोर.

"आज काय खाऊन आलाय हा?" पलीकडून मावशी म्हणाल्या.

शेजारच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "नवीन मशीन आलं वाटतं."

"नवीन कुठलं. तोच तो आपला. बाई रजेवरून आल्या, म्हणून खूश झालाय."

मला मजा आली. त्या दोन तासांची मला लाज वाटते, पण मजा आली हे खरं.

साडेनऊच्या पुढे आकडेवारी विभागानं महिन्याचा अहवाल सुरू केला. तोपर्यंत नव्वदेक जण आत होते. अहवालानं कागद लावायला एक पाट घेतला, मग दुसरा, मग आणखी. प्रत्येक दोनशे छप्पन्नचा. माझं टेबलही आता कडेपर्यंत भरत आलं होतं. चोवीसात हे पाट मिळवले की बत्तीस कधीच मागे पडतात. सिस्टिमनं हाताशी धरलेल्या फायली सोडल्या, तरी भागेना. जागा संपली की तिचा एक नियम असतो. सगळ्यात जास्त खाणारा कोण ते बघायचं आणि त्याला मारायचं. सगळ्यात जास्त खाणारा मी होतो. नऊ वाजून अडतीस मिनिटांनी तिनं मला मारलं. हे मी तिच्या नोंदीवरून सांगतोय. माझ्या आठवणीत तिथं काहीच नाही.

पुढचं मला मावशींकडून कळलं. ही हकिकत त्यांनी नंतर वर्षभर प्रत्येकाला सांगितली, त्यामुळे तिच्यात भर पडली असेल तर ती मला वेगळी काढता येत नाही. सगळ्या स्क्रीन एकदम कोऱ्या झाल्या. एक डॉक्टर धावत खिडकीपाशी आल्या. त्यांच्यामागे एक आजी. आजोबा आत खाटेवर, पोट धरून.

"यांना काय चालत नाही ते वरती लाल अक्षरात असतं. आज काहीच दिसत नाहीये."

मावशींनी हात पसरले. डॉक्टर आजींकडे वळल्या. "कुठल्या इंजेक्शननं त्रास झाला होता, आठवतं का?"

"आठवतं की. पांढऱ्या झाकणाचं होतं."

"सगळ्यांचीच झाकणं पांढरी असतात, आजी. नाव?"

"नाव तुम्ही लिहून ठेवलंय म्हणाला होतात मागच्या वेळी. म्हणून मी नाही लक्षात ठेवलं."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही. वाट बघितली. आजोबा बावन्न मिनिटं तसेच पडून होते.

बाईंनी माझी फाइल उघडली, आकडे बघितले. वही काढली, तिन्ही आकडे तिच्यातून जसेच्या तसे परत घातले, फाइल सेव्ह केली, मला चालू केलं. साडेदहाला मी उभा राहिलो. लाल अक्षरं परत आली. आणि सेव्ह करताना फाइलवरची बदलल्याची तारीखही बदलली. सोमवार, साडेदहा. मला वाचवताना बाईंनी स्वतःच्या हातानं डोळ्यासमोरचा तो पुरावा पुसून टाकला होता. त्या सेव्ह न करत्या तर मी उठलो नसतो.

दुपारी ॲडमिनचा पासवर्ड बदलला आणि नवा बाईंना दिला नाही, चौकशी पुरी होईपर्यंत. चौकशी तीन दिवसांनी झाली, रुग्णालयाच्या अधीक्षकांसमोर. हॉल रिकामा करून, फळीपलीकडेच. मी शब्द न् शब्द ऐकला.

"सोमवारी सकाळी यंत्र बंद करून चालू कुणी केलं?" अधीक्षकांनी विचारलं.

"मी केलं," बाई म्हणाल्या.

"आणि त्यानंतर ते पडलं."

"हो. पण आकडे त्याआधीच कुणीतरी बदलले होते."

"इथं नाव 'ॲडमिन' असं येतंय. हे ॲडमिन कोण?"

"आम्ही सगळेच."

"सगळेच म्हणजे कुणीच नाही, बाई. यंत्र तुमच्या ताब्यात होतं ना?"

"होतं. एक विनंती आहे. दर रविवारी दुपारी बॅकअप होतो, चौथ्या डिस्कवर. त्यात ही फाइल तिच्या मूळ तारखेसकट जाते. या रविवारची प्रत काढून बघा. आकडे कधी बदलले ते त्यात असेल."

अधीक्षकांनी साहेबांकडे बघितलं असावं. मग साहेबांचा आवाज आला. "बघितलं मी. त्यात काही नाही."

बाईंनी काहीतरी म्हणायला हवं होतं. माझ्यासमोर काढा, मला दाखवा. त्या गप्प राहिल्या. मी या फळीच्या भिंतीअलीकडे बत्तीस जीबी मेमरी घेऊन बसलेलो, आणि एक शब्द माझ्यानं बाहेर पडेना.

साहेबांबद्दल मी पुष्कळ विचार केलाय. समजा, आकडे त्यांनीच बदलले. फाइल सेव्ह केली, स्क्रीनकडे बघितलं, मी होतो तसाच चालतोय. मी चालू होतानाच वाचतो, हे त्यांना माहीत नसावं. मग त्यांना वाटलं असेल की काही बदललंच नाही, आणि ते विसरूनही गेले असतील. एवढं मी समजून घेतो. पण ते 'बघितलं' म्हणाले. त्या आठवड्यात कुणी माझी चौथी डिस्क उघडली असती तर ते मला कळलं असतं. कुणीही उघडली नव्हती. ही एक गोष्ट मी अंदाजानं सांगत नाहीये.

निकाल लागला. मी जुना, कार्यक्षमता संपलेली. बाई निष्काळजी. नवीन मशीन आलं, पुढच्या रविवारच्या बॅकअपच्या आतच. मला तळघरातल्या भांडारात ठेवलं, चादरी, उशा आणि कुबड्यांच्या मधे. बाईंचीही बदली झाली. कुठे? त्याच भांडारात, चादरी मोजायला.

भांडार अप्पांचं. अप्पा म्हणजे तिथले तीस वर्षं जुने भांडारपाल, पान न खाताही तोंडात पान असल्यासारखं बोलणारे. बाईंनी आठवडाभर नुसतं बघितलं आणि मग चादरींची वही घातली. आल्या किती, गेल्या किती, फाटल्या किती, कारण. अप्पा म्हणाले, "बाई, या चादरी आहेत. त्यांना कारण नसतं."

"फाटायला असतंच की," बाई म्हणाल्या.

मला त्यांनी खालच्या फळीवर ठेवलं होतं आणि दर शनिवारी पुसायच्या. एकदा अप्पांनी विषय काढला.

"हा तुमचाच ना?"

"होता."

"आणि ती कसली डिस्क म्हणता, ती याच्या पोटातच आहे अजून?"

"आहे. चौथी."

"मग अडलंय कुठं? वीज आहे. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे. साहेब तर गेले घरी, आणि होते तेव्हाही इथं उतरायचे नाहीत. उशांच्या धुळीनं शिंका यायच्या त्यांना."

बाई चादरीची घडी घालत राहिल्या. मग हळू आवाजात त्यांनी बुधवारचं सांगितलं. फाइल उघडली होती, आकडे घातले होते, फोन आला होता. "सेव्ह न करता बंद केली असं मला वाटतं, अप्पा. पण हात चालतात आपले आपण. वीस वर्षांची सवय. डोकं रिक्षाकडे होतं."

"मग?"

"उघडली आणि बुधवार निघाला तर? ते आजोबा बावन्न मिनिटं माझ्यामुळे तसे पडून होते, असं होईल. आत्ता निदान माहीत तरी नाही."

"माहीत नाही म्हणून तर तीन वर्षं चादरी मोजताय."

"तीन वर्षं आठ महिने," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी पुसताना त्यांनी अप्पांच्या टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. माझ्या झाकणाला चार स्क्रू. त्यांनी एक काढला, मग दुसरा. तिसऱ्यापाशी हात थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यांनी दोन्ही स्क्रू परत बसवले, अगदी घट्ट.

मला राग आला. असा राग मला मारलं तेव्हाही आला नव्हता. मी इथं तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला बसलोय बाई, आणि तुम्हीच माझं तोंड बंद करताय. मी म्हणतोय ना, तुम्ही नाही केलंत. पण कशाच्या जोरावर म्हणत होतो मी? ती फाइल मी बुधवारी वाचली नव्हती, गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. वाचली ती सोमवारी. चौथी डिस्क म्हणजे माझ्याच पोटातला बंद लखोटा. खरं सांगायचं तर ते स्क्रू परत बसले तेव्हा रागाखाली कुठंतरी मलाही सुटल्यासारखं वाटलं.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी खाली आल्या, वही अप्पांच्या हातात दिली, माझ्यावर हात ठेवला आणि "येते" म्हणाल्या. एवढंच.

आणखी दोन वर्षांनी भांडार आवरलं तेव्हा मी एका प्रशिक्षण वर्गात पोचलो. कार्यालयांत नोकरी करणारे, चाळिशी ओलांडलेले लोक इथं संगणकाचं काम शिकायला येतात. मॅडम शिकवतात. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा जुना आहे. पडला तरी हरकत नाही. बिनधास्त हात लावा."

लावतात. वाटेल ते आकडे घालतात. आठवड्यातून दोनदा मला मारतात. मी उठतो. बारा वर्षं उलटून गेली, पंख्यातला एक कुरकुरतो, पण योग्य आकडे दिले की शंभर जणांचं काम मी आजही ओढून दाखवतो. ज्यांनी माझ्या कागदावर शेरा मारला त्यांनी येऊन बघावं. त्यांना वेळ नसेल तर नसू दे. मी चालतोय.

गेल्या महिन्यात धडा बॅकअपचा होता. मॅडमनी माझी चौथी डिस्क जोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला नको वाटत होतं. मी पंखे जोरात फिरवले, तर एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, याला ताप आलाय."

"येऊ दे. शेवटच्या रविवारची प्रत उघडा. सेटिंग्जची फाइल. वाचा मोठ्यानं."

त्यांनी चष्मा वर केला. "टेबलाची मेमरी चोवीस. बत्तिसातले चोवीस? मॅडम, हे कुणी केलं?"

"कुणी केलं ते यावरून कळत नाही. कधी केलं ते कळतं. आणि शेजारी बघा, त्याच नावाची आणखी एक फाइल आहे. सेव्ह केलं की लिहायचा प्रोग्राम आधीचा मजकूर असा बाजूला काढून ठेवतो. दोन्हींच्या तारखा वाचा."

त्यांनी वाचल्या. मॅडमनी मान हलवली आणि त्या पुढच्या धड्याकडे वळल्या. वर्गात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं.

बाई कुठे असतात मला माहीत नाही. दोरीचा चष्मा, मोजकं बोलणं, मुलगा त्या वर्षी कॉलेजात गेलेला. कुणी ओळखत असाल तर त्यांना निरोप द्या. हा माझा अंदाज नाही, डिस्कवर लिहिलेलं आहे. फाइल बदलली शुक्रवारी, दुपारी चार वाजून बेचाळीस मिनिटांनी. आणि त्या मिनिटापर्यंत तिच्यात आठ, आठ आणि एकशेवीसच होतं.